फझ पेडलमधले फेरफार: बिघाड नॉबवर कसा आला

गिटारच्या पेडलमधून, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायच्या पायानं दाबायच्या डबीतून, फाटका, खरखरीत आवाज (फझ) मुद्दाम काढण्याची सुरुवात एका बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरपासून झाली. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनलचा ट्रान्सफॉर्मर दगा देऊ लागला आणि ग्रेडी मार्टिन यांचा बेसवरचा सोलो चिरफाळून उमटला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्ज यांच्या साथीनं तोच आवाज तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टच्या दोन सेलवर उभा केला. १९६२ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीनं तो 'मायेस्ट्रो फझ-टोन' म्हणून विकायला काढला. खरी मागणी आली ती १९६५ मध्ये, रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिसफॅक्शन' या गाण्यानंतर.

त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी मायेस्ट्रोवरून टोन बेंडर हा फझ पेडल बनवला, तोही ९ व्होल्टवर, म्हणून स्वर जास्त टिकू लागला. १९६६ मध्ये आर्बिटर कंपनीचा फझ फेस आला. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (नॉबनं बदलता येणारे रेझिस्टर), एवढंच त्याचं सर्किट. एक भाग बदलला की आवाज लगेच बदलतो, म्हणून फेरफार शिकायला आजही यासारखं पेडल नाही. ब्रिटिश नौदलासाठी ध्वनिसंशोधन केलेले रॉजर मेयर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची पेडलं अशीच जुळवून देत.

फझ फेसची सगळी मेख दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर आहे (ट्रान्झिस्टरचे तीन पाय: एमिटर, बेस आणि कलेक्टर). तिथे साधारण ४.५ व्होल्ट, म्हणजे पुरवठ्याच्या निम्मे असले की आवाज भरदार येतो. त्यापासून दूर गेलं की लाटेची एक बाजू आधी कापली जाते आणि विरत जाणारा स्वर मध्येच तुटतो. कारखान्यात हे व्होल्टेज ८.२ किलो-ओहमच्या रेझिस्टरनं कायमचं ठरवलेलं असे. त्याच्या जागी ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि त्याला सिरीजमध्ये १० किलो-ओहमचा पॉट लावला, की हा तुटकेपणा हाताशी येतो. संपत आलेल्या बॅटरीचा आवाज हवा असेल तर पुरवठ्याच्या तारेत आणखी एक १० किलो-ओहमचा पॉट टाकावा. सर्किट जेमतेम पाऊण मिलिअँपिअर ओढतं, त्यामुळे एवढ्यानंच व्होल्टेज बरंच खाली येतं.

यापुढचं पाऊल म्हणजे आउटपुट पुन्हा इनपुटला जोडणं. दोन्ही ट्रान्झिस्टरचे टप्पे सिग्नल उलटवतात, म्हणून बाहेर येताना तो पुन्हा सुलटा असतो. ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५०० किलो-ओहमचा पॉट यांमधून तो परत दिला की पेडल आपणहून किंचाळतं, आणि गिटारचा व्हॉल्यूम फिरवला की त्या किंचाळीची पट्टी बदलते. पहिल्यांदा जोडताना अँप अगदी हळू ठेवा. १९९० च्या दशकाच्या मध्यात मिनियापोलिसच्या झॅकरी वेक्स यांच्या 'फझ फॅक्टरी'नं असं अस्थिर वागणं थेट पाच नॉबवर आणलं. या साऱ्या इतिहासात मला हाच सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

जर्मेनियमची गळती, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून वाहणारा थोडा प्रवाह, मात्र विसरू नये. तापमान १० अंशांनी वाढलं की ती साधारण दुप्पट होते. मुंबईच्या मे महिन्यात सकाळी जुळवलेलं पेडल दुपारी बिनसतं ते यामुळेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून किंवा जुन्या रेडिओतून एसी-१२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर मिळवला, तर मल्टिमीटरच्या गेन-मापावर (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो त्या आकड्यावर) विसंबू नका. त्यात गळतीही मिसळलेली असते. एमिटर ९ व्होल्टच्या धन टोकाला जोडा आणि कलेक्टर २.४ किलो-ओहममधून ऋण टोकाला. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजा, मग बेस २.२ मेगा-ओहममधून ऋण टोकाला जोडून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतल्या फरकाला १०० नं गुणलं की खरा गेन कळतो. पहिल्या जागी ७० च्या आसपासचा आणि दुसऱ्या जागी १२० च्या आसपासचा लावावा. डाग देताना ट्रान्झिस्टर तापून बिघडू नये म्हणून सॉकेट वापरा.

एसी-१२८ पीएनपी जातीचा. त्यावरच्या मूळ रचनेत बॅटरीचं धन टोक ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक तारेला, असतं. असं उलट जोडणीचं पेडल इतर पेडलांसोबत एकाच अडॅप्टरच्या साखळीत लावलं तर पुरवठा शॉर्ट होतो. त्याला वेगळी बॅटरीच द्यावी.