सर्फबोर्ड घ्यायचाय? आधी खांद्यांना विचारा

गोव्यातल्या आश्वे-मांद्रेच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात सकाळी साडेसहाला पाण्यात उतरलं, की वारा पाठीमागून, जमिनीकडून येत असतो. शाळेत भूगोलाच्या तासाला ज्यांना आपण मतलई वारे म्हणून पाठ केलं, ते हेच. समुद्राकडे वाहणारा हा हलका वारा येणाऱ्या लाटेला किंचित थोपवून धरतो. ती फुटायला जरा उशीर लावते आणि तिचा उतार गुळगुळीत राहतो. दहा-अकराच्या सुमारास खारे वारे सुरू होतात आणि पाणी विस्कटतं. म्हणजे हाताशी असतात तीन-चार तास. त्यातल्या मिनिटामिनिटाचं मोल कळू लागलं, की भाड्याचा बोर्ड परत करताना जिवावर येतं आणि स्वतःच्या बोर्डाचा विचार मनात घर करतो.

हा लेख त्या टप्प्यावरच्या माणसासाठी आहे. फेसाळ पाण्यावर उभं राहणं जमलंय, न फुटलेल्या लाटेच्या उतारावरून दोन-चारदा आडवं जाता आलंय. आतापर्यंत शिकवणीचा आठ फुटी, स्पंजच्या सालीचा जाडजूड सॉफ्टटॉप वापरलाय. आणि आता नजर जाते ती सहा फुटी, टोकदार, पातळ बोर्डाकडे, कारण व्हिडिओतले सगळे पट्टीचे सर्फर तोच वापरताना दिसतात. माझीही गेली होती. सहा फूट दोन इंचांचा एक देखणा बोर्ड मी घेतला आणि अख्खा मोसम लाटा माझ्या पोटाखालून निघून जाताना पाहिल्या. आपण आळशी आहोत, आपला तोल कच्चा आहे, असं मी स्वतःला बजावत राहिलो. खरं कारण पदार्थविज्ञानात होतं, आणि ते मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

सर्फिंग म्हणजे लाटेवर उभं राहणं, असं आपण धरून चालतो. संशोधकांनी स्पर्धेतल्या कसलेल्या सर्फरांच्या वेळेची मोजदाद केली, तेव्हा चित्र वेगळंच निघालं. पाण्यातला निम्म्याच्या आसपास वेळ बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मारण्यात जातो. बाकीचा बराचसा वेळ लाटेची वाट पाहत बसण्यात जातो. लाटेवर प्रत्यक्ष उभं राहण्याचा वाटा साधारण ४ ते ८ टक्के! हे कसलेल्यांचं झालं. आपला वाटा त्याहून कमीच असणार. एका तासात दोन-तीन मिनिटंच उभं राहायला मिळत असेल, तर ती पाच मिनिटं कशी होतील हा पहिला प्रश्न. वळण झोकात घेता येईल का, हा फार पुढचा.

आता लाट पकडणं म्हणजे नेमकं काय, ते बघू. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: खोलीला गुरुत्वीय त्वरणाने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. कंबरेएवढी, म्हणजे सुमारे एक मीटरची लाट साधारण सव्वा मीटर खोलीवर फुटते. तिथे हे सूत्र सेकंदाला साडेतीन मीटर, म्हणजे ताशी जवळपास १३ किलोमीटर इतका वेग देतं. फुटायला आलेली लाट याहून थोडी जास्तच पळते. आपण हातांनी पाणी मारत जातो ते सेकंदाला एक-सव्वा मीटरने. उरलेला फरक लाटेचा उतार भरून काढतो: ती मागून आपल्याला उचलते आणि आपण तिच्या उतारावरून घसरू लागतो. ही घसरण सुरू व्हायच्या आत लाट पुढे निघून गेली, की ती गेलीच.

या झटापटीत बोर्डाची लांबी कळीची ठरते. १८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड हे अभियंते लांबच लांब हौदात जहाजांची छोटी मॉडेल्स ओढून पाण्याचा विरोध मोजत होते. पाणी कापत जाणारी कोणतीही वस्तू स्वतःची एक लाट उठवते. वेग वाढतो तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी वस्तूच्या लांबीहून जास्त होऊ लागली, की पुढे चढ आणि मागे खड्डा अशी अवस्था होते आणि पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. मग वस्तूला स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. हा वेग लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. सहा फुटी बोर्डासाठी तो येतो सेकंदाला सुमारे १.७ मीटर, साडेसात फुटीसाठी १.९ आणि नऊ फुटीसाठी २.१. बोर्डाचं नोज, म्हणजे पुढचं टोक, पाण्याबाहेर उचललेलं असतं, त्यामुळे पाण्याला टेकलेली लांबी कमी भरते आणि खरे आकडे याहून थोडे खाली येतात. शिवाय ही काही पक्की भिंत नव्हे. विरोध त्याच्या बराच आधीपासून जाणवू लागतो, आणि आखूड बोर्डावर तो लवकर जाणवतो. सेकंदाला सव्वा मीटरवरून साडेतीन मीटरवर पोचायचं, तर मधला हा घाट ओलांडावाच लागतो. लांब बोर्डाचा घाट सौम्य असतो.

घाट ओलांडल्यावर मात्र खेळ बदलतो. बोर्ड आता पाणी कापत नाही, पाण्याच्या पाठीवरून घसरतो. तळ्यात तिरका भिरकावलेला चपटा दगड टप्पे घेत जातो, तो बुडण्याइतका जड असूनही. वेगाने येणारं पाणी त्याला खालून ढकलतं आणि हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, दाब चौपट. म्हणूनच कसलेला सर्फर २६-२८ लिटर आकारमानाच्या चिमुकल्या फळीवर उभा राहू शकतो. स्थिर पाण्यात त्याच फळीवर बसला, तर तो छातीपर्यंत बुडतो.

म्हणजे एकाच फळीकडून आपण दोन कामं मागतो. आधी होडीसारखं तरंगायचं, मग दगडासारखं घसरायचं. पहिल्या कामाला लांबी आणि आकारमान हवं, तर दुसऱ्या कामात वळायचं असेल तर ते अडचणीचं. पहिला बोर्ड निवडताना कौल बेधडक पहिल्या कामाच्या बाजूने द्यावा, असं माझं ठाम मत आहे. दुसरं काम शिकायची संधी पहिलं काम पार पडल्यावरच मिळते.

दुकानात आता बोर्डावर लिटर लिहिलेले असतात. हा आकडा म्हणजे साधा आर्किमिडीज. समुद्राच्या एका लिटर पाण्याचं वजन भरतं १.०२५ किलो. ४८ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर सुमारे ४९ किलो तोलतो. त्यातून त्याचं स्वतःचं चारेक किलो वजन वजा करा. सत्तर किलोच्या माणसाचं उरलेलं वजन पाण्यात बुडालेले पाय आणि पोट तोलतात. बोर्ड जितका लहान, तितकं शरीर जास्त बुडणार आणि तितकं पाणी अंगाने ओढत न्यावं लागणार. खांदे भरून येतात ते इथे. या टप्प्यावर वजनाच्या किलोंच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतके लिटर धरावेत, असा माझा अंदाज आहे. सत्तर किलोला सत्तेचाळीस ते बावन्न. वय चाळिशीपुढे असेल, पोहण्याचा सराव नसेल, महिन्यातून एकदाच समुद्र दिसत असेल, तर आणखी पाच लिटर खुशाल वाढवा.

पण नुसत्या लिटरवर भुलू नका. आखूड बोर्ड जाड करून तेवढेच लिटर भरता येतात, आणि फ्रूड यांचं लांबीचं गणित तिथेच राहतं.

रुंदीबद्दल जहाजबांधणीतलं एक सूत्र मला फार आवडतं. तरंगणारी वस्तू कुशीवर किती सहज कलंडते, हे तिच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतं. १९ इंची बोर्डाऐवजी २२ इंची घेतला, तर रुंदी जेमतेम १६ टक्क्यांनी वाढते, पण कलंडण्याला होणारा विरोध दीडपटीहून जास्त होतो. लाटेवर पळताना हे गणित हुबेहूब लागू पडत नाही, कारण तिथे पाण्याचा वाहता दाब कामाला येतो. पण ताटकळत बसताना, पाणी मारताना आणि पाय रोवण्याच्या त्या एका सेकंदात तीन इंच काय करतात, हे अंगाला लगेच कळतं.

ही दोन कामांची ओढाताण नीट ओळखणाऱ्यांपैकी एक होता कॅलिफोर्नियाचा बॉब सिमन्स. कॅलटेकमध्ये शिकलेला, गणितात रमणारा. सायकलच्या अपघातात त्याचा डावा कोपर कायमचा अधू झाला होता. त्या काळी बोर्ड म्हणजे जड लाकडी ओंडकेच. वेगवान बोटींच्या तळाचा आकार कसा असावा यावर झालेलं संशोधन त्याने अभ्यासलं आणि १९४०च्या दशकात रुंद, सपाट, फायबरग्लासच्या सालीचे हलके बोर्ड घडवले. १९५४मध्ये सॅन डिएगोजवळ सर्फिंग करतानाच तो बुडाला. आज मध्यम लांबीचा कोणताही रुंद बोर्ड हातात घेतला, तरी त्यात सिमन्सचा काही अंश असतोच.

बाजूने पाहिलं तर बोर्ड खाली पोट काढलेल्या होडीसारखा वाकलेला दिसतो. त्या बाकाला रॉकर म्हणतात. बाक कमी, तर बोर्ड पाण्यावर सरळ धावतो. जास्त, तर उभ्या लाटेवर नोज पाण्यात घुसत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर लाटा बहुतेक कंबरेखालच्या, मऊ आणि वाळूवर फुटणाऱ्या असतात. त्यांना कमी रॉकरच योग्य. (जून ते सप्टेंबरचा समुद्र हा नवशिक्याचा विषयच नाही.)

कडांची, म्हणजे रेलची गोष्ट समजायला चहाची किटली पुरे. हळू ओतलं की चहा चोचीखालून ओघळत किटलीच्या पोटाला चिकटतो. गोल पृष्ठभागाला वाहतं पाणी धरून ठेवतं. धारदार काठावर ते सुटतं. म्हणून चांगल्या बोर्डाच्या मधल्या भागात रेल गोल असते, ती लाटेच्या भिंतीत रुतून राहते. टेलकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, मात्र खालची कड धारदार केलेली असते, म्हणजे पाणी तिथून तुटून सुटतं आणि बोर्ड धावतो. दुकानात कडेवरून हात पुढून मागे फिरवत न्या, हा बदल बोटांना समजेल.

फिनमध्ये, म्हणजे तळाशी मागे बसवलेल्या उभ्या पात्यांमध्ये, फार अडकू नका. १९३५मध्ये अमेरिकन सर्फर टॉम ब्लेकने बोर्डाखाली पहिली फिन बसवली. १९८१मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने स्वतःच्या तीन फिनच्या बोर्डावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली आणि तीच मांडणी जगभर रूढ झाली. पहिल्या बोर्डाला तीन फिन असल्या की झालं.

आता आतलं सामान. यावर थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे इथे वाया जातात. बोर्डाचा गाभा दोन प्रकारचा असतो. एक पॉलियुरेथेन फोमचा, त्यावर पॉलिएस्टर रेझिन आणि फायबरग्लास. दुसरा ईपीएसचा, त्यावर इपॉक्सी रेझिन. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोल, फक्त जास्त घट्ट दाबलेला. एकेकाळी गणपतीच्या मखरासाठी घरोघरी जो आपण तापलेल्या तारेने कापला, तोच. बोर्डाचा गाभाही अशाच तारेने कापतात. ईपीएसचा बोर्ड हलका, बऱ्यापैकी टणक आणि जास्त तरंगणारा असतो. पण भोक पडलं तर त्याच्या दाण्यांमधल्या फटींतून पाणी दूरवर झिरपतं. पॉलियुरेथेन थोडं जड, पाणी सावकाश पितं, आणि लहान-मोठे पोचे सहज दुरुस्त होतात.

कोकणात हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कसबी कारागीर आहेत, त्यामुळे बोर्ड त्यांच्याकडे न्यावा असं साहजिकच वाटतं. पॉलियुरेथेनचा असेल तर खुशाल न्या. ईपीएसचा असेल तर थांबा. होड्यांसाठी सहसा पॉलिएस्टर रेझिन वापरतात आणि त्यात स्टायरिन असतं. थर्माकोलवर पेट्रोल ओतलं की तो कसा विरघळतो, हे आपण लहानपणी पाहिलंय. स्टायरिन नेमकं तेच करतं. वरून ठिगळ छान दिसेल आणि आत पोकळी झालेली असेल. अशा बोर्डाला इपॉक्सीच हवं.

पहिला बोर्ड जुना घ्यावा असं मी सांगेन, कारण तो आपटणार, घासणार, हे ठरलेलंच आहे. सात ते साडेसात फूट लांब, साडेएकवीस-बावीस इंच रुंद, गोलसर नोजचा बोर्ड शोधा. पाय घसरू नये म्हणून वर लावलेलं मेण काढायला लावा, नाहीतर खालच्या भेगा दिसत नाहीत. पाय पडतात त्या जागा अंगठ्याने दाबून पाहा. साल आत जाऊन परत वर येत असेल तर ती गाभ्यापासून सुटली आहे. फिनच्या खोबणीभोवती केसासारख्या चिरा आहेत का ते उजेडात धरून बघा. पिवळेपणा बहुधा उन्हाचा असतो, पण एखादाच तपकिरी डाग असेल तर तिथून पाणी आत गेलंय. शक्य असेल तर वजन करा. तशाच मापाच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा तो किलो-दीड किलोने जड भरला, तर त्याने पाणी पिऊन ठेवलंय.

घेतल्यावर एक काळजी. उन्हात उभ्या बंद गाडीत तो कधीही ठेवू नका, विशेषतः ईपीएसचा. आतली हवा तापून फुगते आणि साल फोडासारखी वर येते. जेवायला तासभर थांबायचं असेल तर माडाच्या सावलीत, तळाची बाजू वर करून ठेवा, म्हणजे मेणही वितळणार नाही. आणि सावली दुपारी सरकते, हे लक्षात ठेवून जरा पूर्वेकडच्या बाजूला.