माउथपीस नेमका कुठे बसतो?

गणपती तोंडावर आले की सावंतवाडी-कुडाळ भागात बँडवाल्यांची वाद्यं माळ्यावरून खाली येतात. ट्रम्पेट-क्लॅरिनेटचं फारसं बिनसत नाही. रडगाणं असतं ते जाड वाद्यांचं, म्हणजे युफोनियम (मोठ्या भोंग्याचं, जाड आवाजाचं पितळी वाद्य) आणि त्याहून मोठ्या बासचं. खालचे सूर ठीक लागतात, वर गेलं की सूर उतरतो. त्यावर ठरलेलं निदान म्हणजे पावसाळ्याची दमट हवा.

हे निदान चक्क उलटं आहे. पाण्याचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, म्हणून दमट हवा कोरड्या हवेहून हलकी. तिच्यात ध्वनी किंचित वेगाने धावतो, म्हणजे सूर चढायला हवा, उतरायला नको. शिवाय वाजवताना नळीत भरलेली हवा येते ती वाजवणाऱ्याच्या छातीतून. ती बारमाही ऊबदार आणि ओलीच असते. तेव्हा हवेला सोडा आणि माउथपीस काढून हातात घ्या.

ओठ टेकतात ती कड, तिच्याखाली वाटीसारखा कप, कपाच्या तळाशी बारीक भोक आणि वाद्यात शिरणारी निमुळती दांडी, जिला बँडवाले शँक म्हणतात. दुकानात सगळे कड आणि कप बघतात. दांडीकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आधी कपाचं काम समजून घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीत मूळ वारंवारतेच्या 1, 3, 5 पटींचे सूर मिळतात, हे शाळेत शिकलेलं असतं. नळी शंकूसारखी असेल, आणि शंकू थेट टोकापर्यंत निमुळता असेल, तर मात्र 1, 2, 3, 4 अशा सगळ्या पटी मिळतात. युफोनियमची नळी सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि ढोबळमानाने शंकूच्या घडणीची. पण शंकूच्या अणकुचीदार टोकाला ओठ लावून फुंकणार कसं? म्हणून टोक कापावं लागतं, आणि कापलेल्या टोकाची भरपाई माउथपीस करतो.

खालच्या सुरांसाठी ही भरपाई सोपी आहे. त्यांच्या लहरी काही मीटर लांब असतात. एवढ्या लांब लहरीला कपाचा आकार दिसत नाही, फक्त घनफळ जाणवतं. कापलेल्या टोकात जितकी हवा मावली असती तितकी माउथपीसमध्ये मावली, की खालचे सूर जागेवर. घनफळ जास्त झालं तर नळी तेवढी लांब झाल्यासारखं होतं: 15 मिमी आतल्या व्यासाच्या नळीत 1 घनसेंमी जादा हवा म्हणजे साडेपाच-सहा मिमी जादा लांबी.

वरच्या सुरांचं गणित वेगळं. तिथे लहर पाऊण मीटरपर्यंत आखूड होते आणि माउथपीसचा स्वतःचा सूर मध्ये पडतो. कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकलं की ती घुमते ना, तसाच कपसुद्धा घुमतो. कप हे बाटलीचं पोट आणि बारीक भोक ही तिची मान. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झच्या नावाने ओळखला जाणारा हा अनुनाद ऐकायचा तर सुट्या माउथपीसच्या कडेवर तळहाताने हलकी थाप मारा. ‘पॉक्’ असा जो आवाज येतो तोच तो सूर. तो घनफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. मान तीच ठेवून कप दुप्पट केला तर सूर 1.414 पटीने उतरतो, म्हणजे बरोबर सा वरून खालच्या तीव्र मध्यमावर. चौपट केला तर अख्खं सप्तक खाली.

वाजवायचा सूर या ‘पॉक्’च्या जितका जवळ जातो तितकी माउथपीसची परिणामी लांबी, म्हणजे सुराला जाणवणारी लांबी, वाढत जाते. ती सगळ्या सुरांसाठी सारखी वाढत नाही, वर जाताना जास्त वाढते. म्हणून ‘बास आहे, मोठा कप घे’ हा सल्ला ऐकणाऱ्याचा खालचा सूर भरदार लागतो आणि वरचा उतरतो. ट्यूनिंग स्लाइड (नळीची लांबी कमी-जास्त करणारा सरकता भाग) आत ढकलून हे सुधारत नाही, कारण स्लाइड सगळ्यांनाच चढवते. वरचा सूर जागेवर आणेपर्यंत खालचा चढलेला असतो.

आता दांडी. माउथपीस जितका बाहेर राहील तितकी नळी लांब. दांडीचा उतार साधारण 20 ला 1 असतो: 20 मिमी लांबीत व्यास 1 मिमीने बदलतो. याचा अर्थ व्यासात 0.1 मिमी फरक पडला की माउथपीस 2 मिमी आत किंवा बाहेर बसणार. सैल बसतो म्हणून वहीचा कागद गुंडाळणारे पुष्कळ आहेत. कागद 0.1 मिमी जाड धरला तरी एका वेढ्याने व्यास 0.2 मिमी वाढतो आणि माउथपीस 4 मिमी बाहेर येतो. ट्रॉम्बोन-युफोनियमच्या दांड्या तीन मापांच्या मिळतात, टोकाशी सुमारे 11, 12 आणि 12.7 मिमी. जुन्या ब्रिटिश घडणीच्या युफोनियमना बहुधा मधलं माप लागतं. त्यात मोठी दांडी घातली तर ती तब्बल 14 मिमी बाहेर राहते, आणि आत जायची असते जेमतेम 25 मिमी.

कोकणात पितळ म्हटलं की आमसूल आणि राख. आमसुलाचं आम्ल खाऱ्या वाऱ्याने आलेला हिरवा गंज काढतं, ते ठीक. राख मात्र धातूच खरवडते. समई-तांब्याला त्याने काही होत नाही, दांडीला होतं. मग वाद्य ‘बोलेना’ झालं की करणीचा संशय येतो आणि भोंग्यावरून लिंबू उतरवलं जातं. ते लिंबू निदान गंजावर चोळावं. सोन्याच्या मुलाम्याने आवाज ‘सोनेरी’ होतो ही जाहिरातही त्याच जातीची. पितळेने ओठाला खाज येत असेल तर मुलामा जरूर घ्या, पण काही मायक्रॉनच्या थराने कपाचं घनफळ बदलत नाही.

दांडी नीट बसते का, हे पेन्सिलीने कळतं. तिच्यावर लांबीच्या दिशेने तीन-चार रेघा ओढा, माउथपीस हलक्या हाताने बसवा, थोडा फिरवा, काढा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या असतील तर उतार जुळतो. फक्त वरच्या बाजूला पुसल्या असतील तर टोक आत लटकतंय. ठोकून मात्र बसवू नका. अडकलेला माउथपीस पकडीने काढताना नळी पिरगळते.

कडेचा व्यास शेवटी पाहा. तो ओठ-दातांवर ठरतो आणि त्याला सूत्र नाही. बाख कंपनीच्या 6½एएल या माउथपीसची आतली कड 25.4 मिमी, 12सीची त्याहून लहान. आकडा वाढतो तसं माप घटतं, आणि एका कंपनीचा आकडा दुसरीला लागू पडत नाही. म्हणून खरेदीला आपलं वाद्य बरोबर न्यावं. मधला एकच सूर घोळवत बसू नये. खालचा, त्याच्या वरच्या सप्तकातला आणि त्याच्याही वरचा असे तीन सूर ट्यूनरसमोर (सूर मोजणाऱ्या यंत्रासमोर) लावावेत, आणि स्लाइडला हात न लावता तिन्ही जुळतात का ते पाहावं.