आवडतं, पण उठवत नाही

एखादा माणूस चवीनं जेवतो, विनोदावर हसतो, विचारलं तर नीट उत्तर देतो. पण आपणहून काहीच करत नाही. कोणी ‘ऊठ’ म्हणेपर्यंत बसून राहतो. त्याला आळशी ठरवायला कुणाला फार वेळ लागत नाही. पण एखादी गोष्ट आवडणं आणि तिच्यासाठी हातपाय हलवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. त्यातलं एकच बिघडू शकतं.

मेंदूतल्या डोपामिन या द्रव्याला अजूनही ‘आनंदाचं रसायन’ म्हटलं जातं. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या संशोधकांनी १९८९ मध्ये जे दाखवलं, ते याच्या अगदी उलट होतं. डोपामिन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर अन्न समोर असूनही खात नाहीत, उपाशी राहतात. त्यांना चवच आवडेनाशी झाली असेल, असा तर्क होता. पण जिभेवर गोड पाणी सोडलं, तेव्हा ते निरोगी उंदरांसारखेच मिटक्या मारू लागले. आवड शाबूत होती, ओढ गेली होती.

जॉन सालामोन या संशोधकाचे प्रयोग मला त्याहून बोलके वाटतात. उंदरापुढे दोन पर्याय ठेवले: कळ पुन्हा पुन्हा दाबली तर आवडतं खाणं, नाहीतर शेजारी पडलेलं साधं खाणं फुकट. निरोगी उंदीर कळ दाबत राहतात. मेंदूच्या तळाकडच्या न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागातलं डोपामिन कमी केलं, की तेच उंदीर साध्या खाण्याकडे वळतात. दोन्ही फुकट ठेवलं, तर मात्र आवडतंच निवडतात. म्हणजे बदलतो तो कष्टाचा हिशेब.

माणसात या बिघाडाला ॲपथी म्हणतात. पार्किन्सन, अल्झायमर, पक्षाघात यांत ती बरीच आढळते. नैराश्याशी तिची गल्लत नेहमी होते. नैराश्यात मन दुःखानं भरलेलं असतं. ॲपथीत बहुधा दुःखही नसतं, म्हणून रुग्ण स्वतः तक्रार करत नाही आणि निदान राहून जातं.

मेंदूच्या खोल भागात ग्लोबस पॅलिडस नावाचा छोटा पुंजका असतो. दोन्ही बाजूंच्या या पुंजक्यांना पक्षाघातानं इजा होऊन कमालीची ॲपथी आलेल्या एका रुग्णाचा अभ्यास मेंदू-संशोधक मसूद हुसेन यांच्या गटानं २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. मोबदल्याचं आमिष दाखवूनही त्याचा मेंदू फारसा सरसावत नसे. डोपामिनसारखं काम करणारी औषधं दिल्यावर त्याची ॲपथी पुष्कळ कमी झाली. नुसत्या उपदेशानं हे झालं नसतं.

हीच औषधं दुसऱ्या टोकालाही नेतात. पार्किन्सनच्या तीन हजारांवर रुग्णांच्या २०१० मधल्या पाहणीत, ती घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के जणांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांपैकी कशाचा तरी आवर राहिला नव्हता. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. घरच्यांना ही शक्यता आधीच सांगायला हवी. नाहीतर आजारात ज्याला आळशी म्हटलं, त्यालाच उपचारात बेजबाबदार म्हटलं जातं.

ॲपथीच्या रुग्णाला ‘काय करावंसं वाटतं?’ असं विचारून सहसा काही हाती लागत नाही, कारण ते वाटणंच थांबलेलं असतं. ‘चल, फिरायला जाऊ’ म्हणून सोबत निघालं, तर पुष्कळदा तो निघतो. बाहेरून मिळालेल्या चालनेवर त्याची पावलं नीट पडतात.