कथागुच्छ भयपट

कथागुच्छ भयपट : तीन-चार किंवा अधिक स्वतंत्र भयकथा एका सूत्रकथेत ओवून केलेला चित्रपट. रोजच्या बोलण्यात ‘हॉरर अँथॉलॉजी’. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कमी पैशांत काढलेल्या आणि रक्तपाताला काळ्या विनोदाची जोड देणाऱ्या शाखेचा विचार केला आहे. कथा छोट्या, पात्रे बहुधा वाईट चालीची, आणि शेवटी ज्याचे त्याला मिळते. मात्र ते अशा विचित्र मापात मिळते की प्रेक्षकाला शहारा येतो आणि हसूही फुटते.

या प्रकाराच्या उगमाबाबत एकमत नाही. एक मत जुन्या कथापरंपरेकडे नेते : चौकटीतून, म्हणजे सूत्रकथेतून, कथा सांगण्याची रीत फार जुनी. भारतीय वाचकाला वेताळपंचविशी लगेच आठवेल : स्मशानातील झाडाला लटकणारे प्रेत, ते खांद्यावर टाकून निघालेला राजा, प्रेतात शिरून गोष्टी सांगणारा वेताळ, आणि राजाने तोंड उघडताच पुन्हा झाड. पंचविशीचे जुने पाठ अकराव्या शतकातील काश्मिरी कवी क्षेमेंद्र व सोमदेव यांच्या, बृहत्कथेवर आधारलेल्या ग्रंथांत मिळतात. गुणाढ्याच्या लुप्त बृहत्कथेत ती मुळापासून होती का, हा वादाचा विषय आहे. बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’ या बृहत्कथेच्या दुसऱ्या रूपांतरात ती आढळत नाही. तो ग्रंथ खंडित असल्याने हा पुरावा निर्णायक म्हणता येत नाही, तरी पंचविशी मागाहून काश्मिरी परंपरेत जोडली गेली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. (गुणाढ्याने शाई नसल्याने आपली कथा अरण्यात स्वतःच्या रक्ताने लिहिली, ही सातवाहनकालीन म्हणून सांगितली जाणारी आख्यायिका येथे सहज आठवते.) पडद्यावरील प्रकाराशी पंचविशीचा थेट धागा मात्र दाखवता येत नाही, साम्य आहे ते रचनेपुरते.

दुसरे मत पॅरिसकडे बोट दाखवते. तेथील पिगाल भागात, पूर्वी प्रार्थनामंदिर असलेल्या इमारतीत, १८९७ साली ओस्कार मेतेनिए यांनी ‘ग्रां गिन्योल’ हे नाट्यगृह सुरू केले. आसने तीनशेहून कमी. एका रात्रीत अनेक एकांकिका होत. एक अंगावर काटा आणणारी, की पुढची चावट प्रहसनाची. या आलटून-पालटून क्रमाला तेथे गरम-थंड पाण्याच्या स्नानाची उपमा देत. आंद्रे द लोर्द यांनी वेडाची इस्पितळे आणि शस्त्रक्रियेची टेबले रंगभूमीवर आणली. ग्लिसरिन आणि कार्माईन (लाल रंगद्रव्य) यांचे रक्त वापरले जाई. हे नाट्यगृह १९६२ मध्ये बंद पडले. विनोद आणि रक्त यांची सांगड येथूनच आली, हे मत सर्वांत सबळ आहे, कारण पुढे चित्रपटांत दिसणारा गोष्टींचा क्रम जवळजवळ असाच आहे.

चित्रपटापुरते बोलायचे तर रिखार्ड ओस्वाल्ड यांचा १९१९ सालचा ‘उनहाइमलिखे गेशिख्टेन’ हा जर्मन मूकपट सामान्यतः आद्य मानला जातो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात रात्री भिंतीवरच्या चित्रांतून मृत्यू, सैतान आणि वेश्या उतरतात व पुस्तके चाळत बसतात. त्यातून पाच कथा निघतात. कॉनराट फाइट, आनिटा बेर्बर आणि राइनहोल्ट श्युन्ट्सेल हे तिघेच पाचही कथांत निरनिराळ्या भूमिका करतात. शेवटची कथा चक्क थट्टेची आहे, म्हणजे विनोद या प्रकारात मागाहून शिरला असे म्हणता येत नाही. काही लेखक फ्रिट्झ लांग यांच्या १९२१ मधील ‘डेर म्यूडे टोड’ला मान देतात, त्यात मृत्यूची चौकट आहे, पण भयाचा हेतू क्षीण आहे.

पैशांची चणचण या प्रकाराच्या घडणीतच आहे. पाउल लेनी यांच्या १९२४ सालच्या जर्मन चित्रपटात जत्रेतील मेणाच्या पुतळ्यांवर एक लेखक गोष्टी रचतो. चार कथा योजल्या होत्या. निधी संपल्याने रिनाल्डो रिनाल्डिनी या दरोडेखोराची कथा गळाली. त्याचा पुतळा मात्र पडद्यावर तसाच उभा आहे, आपली पाळी न आलेल्या पाहुण्यासारखा.

ब्रिटनमध्ये ईलिंग स्टुडिओचा ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) हा टप्पा महत्त्वाचा. दिग्दर्शक चार, कथा पाच. त्यांतली गोल्फ खेळणाऱ्या दोघा मित्रांची कथा हलकीफुलकी. अमेरिकेत दाखवताना दोन कथा कापल्या गेल्या, त्यामुळे सूत्रकथेतील काही उल्लेख तेथील प्रेक्षकांना लागेनासे झाले. चित्रपट जेथे सुरू होतो तेथेच संपतो. ही वर्तुळाकार रचना पाहून खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांना, विश्वही असेच आरंभ-अंताविना असेल का, हा प्रश्न सुचला आणि त्यातून हर्मन बाँडी व फ्रेड हॉइल यांच्यासह स्थिर-स्थिती सिद्धांत (१९४८) उभा राहिला, असे सांगितले जाते. हॉइल हे जयंत नारळीकरांचे गुरू. भयपटाचे असे ऋण खगोलशास्त्रावर दुसरे नसावे.

‘डेड ऑफ नाइट’चा आदर्श पुढे ठेवून मिल्टन सबॉट्स्की व मॅक्स रोझेनबर्ग यांच्या ‘अमिकस’ या ब्रिटिश चित्रसंस्थेने १९६५ पासून सुमारे दशकभर असे चित्रपट काढले. हिशेब सोपा होता : कथा छोटी असल्याने पीटर कुशिंगसारखा नामवंत नट मोजक्या दिवसांसाठी घेता येई आणि जाहिरातीत मात्र नावांची रांग लागे. त्यांतील दोन चित्रपट ‘ईसी’ या अमेरिकी चित्रकथा प्रकाशनावर आधारले होते. या चित्रकथांत एक सडका, कोट्या करणारा निवेदक गोष्ट सांगे. काळ्या विनोदाचा सूर तेथेच पक्का झाला. १९५४ साली सिनेटच्या उपसमितीपुढे प्रकाशक विल्यम गेन्स यांना कुऱ्हाड आणि स्त्रीचे तुटलेले मस्तक असलेले एक मुखपृष्ठ दाखवून, हे सुरुचीला धरून आहे का, असे विचारण्यात आले. भयकथेच्या मुखपृष्ठापुरते आहे, असे ते म्हणाले. मस्तक थोडे वर धरून मानेतून रक्त टपकताना दाखवले असते तर ते अभिरुचीहीन झाले असते, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. या चित्रकथा लवकरच बंद झाल्या.

इटलीत मारिओ बावा यांच्या १९६३ सालच्या त्रिकथापटाचा शेवट येथे नोंदवण्याजोगा आहे. नट बोरिस कार्लॉफ घोड्यावरून दौडत येतो. मग कॅमेरा मागे सरकतो आणि दिसते की घोडा नकली आहे व स्टुडिओतील माणसे झाडांच्या फांद्या हातात घेऊन त्याच्याभोवती गोल धावत आहेत. अमेरिकी प्रतीत हा शेवट नाही.

जॉर्ज रोमेरो यांचा ‘क्रीपशो’ (१९८२) ‘ईसी’च्या चित्रचौकटी, भडक लाल-निळे रंग आणि पाने उलटण्याची रीत थेट पडद्यावर आणतो. पटकथा स्टीफन किंग यांची; एका कथेत ते स्वतः, तर सूत्रकथेत त्यांचा मुलगा दिसतो. पहिल्या कथेत ‘फादर्स डे’ला केक मागणारा चिडका बाप मेल्यावर कबरीतून उठतो. अखेरीस तो केक घेऊन येतोच : ताटात नातलग बाईचे मुंडके, त्यावर साखरेचा थर आणि पेटलेल्या मेणबत्त्या. टॉम सविनी यांची रक्ताची कारागिरी येथे विनोदाचे काम करते. त्यानंतरच्या बऱ्याच चित्रपटांनी सविनींचे रक्त उचलले. केकची वेळ साधणे थोड्यांनाच जमले.

चित्रफीत (व्हिडिओ टेप) आणि पुढे डिजिटल कॅमेरा आल्यावर खर्च आणखी उतरला. ‘द एबीसीज ऑफ डेथ’ (२०१२) मध्ये इंग्रजी वर्णमालेतील एकेक अक्षर घेऊन २६ कथा आहेत. प्रत्येक चमूला सुमारे ५,००० डॉलर मिळाले. एक जागा स्पर्धेतून भरली गेली व ती मातीच्या बाहुल्यांच्या शौचकूपकथेने पटकावली. गुणवत्ता अर्थातच अक्षरागणिक बदलते.

हिंदीत मुंबईत तयार झालेला ‘डरना मना है’ (२००३) सहा कथांचा. धूम्रपान सोडवण्यासाठी पाहुण्यांना डांबून ठेवणारा हॉटेलमालक ही त्यातली खरी काळी गंमत. ‘डरना जरूरी है’ (२००६) या पुढच्या भागात एक गृहस्थ रात्री कबरस्तानातून वाट काढत तो पहिलाच चित्रपट पाहायला जातो. रक्तपात दोन्हींत बेताचा आहे.

मराठीत ही परंपरा पडद्यापेक्षा दिवाळी अंकांतील गूढकथांत आणि दूरचित्रवाणीवर रुजली. रत्नाकर मतकरी यांच्या कथांवरील ‘गहिरे पाणी’ मालिकेत दर कथा वेगळी असे. तेथे भर सूचकतेवर आहे. मुंडके ताटात येत नाही.