झालेल्या जॉबची, म्हणजे छपाईच्या कामाची, फाइल कुणाकडे असते?

संपलेलं काम जपून ठेवायची सवय डिझाइन स्टुडिओंनी छापखान्यांकडून उचलली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना ज्या तंत्रावर चालला, त्या शिळाछापात दर रंगाला वेगळा दगड लागे. दगड जड, महाग आणि मोजके. त्यामुळे पुन्हा मागणी येणार नसेल, तर तो घासून पुढच्या चित्राला घेतला जाई.

पुढे जस्ताचे ब्लॉक आले, मग ऑफसेटच्या पॉझिटिव्ह, म्हणजे छपाईची प्लेट ज्यांवरून बनते त्या पारदर्शक फिल्म. त्या ठेवायला सोप्या. खाकी पाकिटावर जॉब नंबर, बाहेर छापलेल्या लेबलचा एक तुकडा चिकटवलेला, आत चार रंगांच्या चार फिल्म आणि मध्ये बटर पेपर. तो नसला तर पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटत. फिल्मचे पैसे पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, दिलेले असत, पाकीट मात्र छापखान्यात राही, म्हणजे पुढची ऑर्डर आपोआप तिथेच. साठवणीमागे जपणुकीपेक्षा धंद्याचा हिशोब होता, हे मान्य करायला हवं.

१९८५ मध्ये संगणकावर पानं मांडायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं आणि पाकिटाची फ्लॉपी झाली. पण ए-फोर आकाराचं, ३०० डीपीआयचं, चार रंगांतलं एक स्कॅन सुमारे ३५ एमबी भरतं, आणि फ्लॉपीत मावे १.४४ एमबी. म्हणून स्टुडिओंनी ४४ एमबीच्या सायक्वेस्ट काट्रिज (काढता-घालता येणाऱ्या डिस्क) घेतल्या, मग १०० एमबीच्या झिप डिस्क, मग सीडी. सायक्वेस्ट कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. काट्रिज शाबूत, पण वाचायला ड्राइव्ह नाही, अशी अवस्था झाली. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा आज सगळीकडे सांगितला जाणारा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला.

मराठी कामांत खरा घोळ फाँटचा. श्रीलिपीसारख्या, युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक सांकेतिक पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये मजकूर त्या फाँटच्या स्वतःच्या सांकेतिक क्रमाने साठवलेला असतो. तो फाँट संगणकावर नसला की लग्नपत्रिकेच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. डिस्क धडधाकट, फाइलही उघडते, वाचता मात्र काही येत नाही. त्यावर स्टुडिओंनी काढलेला तोडगा म्हणजे फाइल ‘कर्व्ह’ करून ठेवणं. अक्षरांची चित्रं होतात आणि छपाई बिनघोर होते, पण एक वेलांटी चुकली तरी ओळ नव्याने कंपोज करावी लागते. शहाणे ऑपरेटर म्हणूनच कर्व्ह केलेली आणि न केलेली अशा दोन्ही फायली ठेवतात, शेजारी फाँटही. पेजमेकरच्या फायलींना एवढंही पुरलं नाही. त्या उघडू शकणारी, पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती म्हणजे २०१२ सालची सीएस-सिक्स.

आता भांडण होतं ते ‘ओपन फाइल’वरून, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाइलवरून. पार्टीला वाटतं, पैसे दिले म्हणजे फाइल आपली. स्टुडिओ पीडीएफ देतो आणि मूळ फाइल राखतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा गिऱ्हाईक असतो, छायाचित्रकार नव्हे. कलम १९ म्हणतं की हक्क सोपवायचे तर लेखी हवेत. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ओपन फाइल द्यायची का, कितीला आणि स्टुडिओ ती किती महिने सांभाळणार, हे कायद्यात कुठेच नाही. ते कोटेशनमध्येच लिहावं लागतं, आणि बहुतेक कोटेशनांत ती ओळ नसते.