बाहेर आषाढ, पिशवीत वीज

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेला माझा एक मित्र परवा म्हणाला, "गोव्यात चार महिने भिंतीला बुरशी धरते. इथे कसली ठिणगी उडणार? साधी जंबो बॅग घेतली तरी चालेल." जंबो बॅग म्हणजे कारखान्यात भुकटी भरायची विणलेल्या प्लास्टिकची भलीमोठी पिशवी. हे वाक्य डोक्यातून जाईना.

कारखान्यातला माल साठवायचा तर द्रवांचं भुकटीच्या मानाने सोपं असतं. पिंजऱ्यातली हजार लिटरची पांढरी टाकी सगळ्यांनी पाहिलीय. उन्हाळ्यात नळ आटले की जुन्या टाक्या घरांमागेही दिसू लागतात (आधी त्यात काय होतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका). ती एचडीपीई प्लास्टिकची. सौम्य आम्लांना ती दाद देत नाही. टोल्युइनसारखं द्रावक मात्र तिच्यात मुरतं, शिवाय पेटही घेतं. त्याला पोलादी टाकीच हवी.

खरी गंमत भुकटीच्या पिशवीत आहे. भुकटी पिशवीतून खाली घसरते तेव्हा कण आणि कापड एकमेकांवर घासून विद्युतभार साठतो. शाळेत केसांवर फुगा घासायचो, तेच. पिशवीचं पॉलिप्रॉपिलीन पाणी शोषत नाही. आणि औषधाची भुकटी ओली होऊ नये म्हणून ती हाताळायच्या खोलीतली हवा मुद्दाम कोरडी ठेवतात. बाहेर आषाढ कोसळत असला तरी आत वैशाखच!

या पिशव्यांचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार. ए म्हणजे साधी; आसपास काहीच पेटण्यासारखं नसेल तिथेच ती वापरावी. बी पिशवीचं कापड ६ हजार व्होल्टच्या आतच भार आरपार जाऊ देतं, त्यामुळे सर्वांत जोरदार प्रकारची ठिणगी टळते. पण पेट घेणाऱ्या वाफांजवळ तीही नको. सी पिशवीत विद्युतवाहक धागे एकमेकांना जोडून विणलेले असतात आणि ते जमिनीला जोडावे लागतात. डीमधले धागे भार हवेतच हळूहळू सोडून देतात, त्यामुळे तिला अर्थिंग लागत नाही.

आता उलटं वाटेल असं सांगतो. अर्थिंग न जोडलेली सी पिशवी साध्या पिशवीपेक्षा घातक! प्लास्टिकवरचा भार जागच्या जागी अडकलेला असतो. बोट जवळ नेलं तर तेवढ्या तुकड्यातला निसटतो. वाहकावरचा सगळा भार एका क्षणात एकाच टोकातून बाहेर पडतो. ठिणगीच्या ऊर्जेचं सूत्र आहे धारकता (भार साठवण्याची क्षमता) गुणिले व्होल्टचा वर्ग, भागिले दोन. माणसाच्या शरीराची धारकता सुमारे १५० पिकोफॅरड धरा, व्होल्टेज १० हजार. उत्तर येतं ७.५ मिलिज्यूल. मिथेनॉलची वाफ पेटायला ०.१४ मिलिज्यूल पुरतात. अधांतरी सी पिशवीही अशीच भारलेली उभी असते.

फोर्कलिफ्टला लिंबू-मिरची न चुकता बांधली जाते, अर्थिंगचा चिमटा मात्र खिळ्याला लटकलेला असतो. पिशवीपासून जमिनीपर्यंतचा रोध १० कोटी ओहमपेक्षा कमी हवा. आकडा अवाढव्य वाटतो, पण इथला प्रवाह इतका क्षीण असतो की त्याला तेवढी वाट पुरते. वाट अखंड हवी, एवढंच. आमच्या खाऱ्या हवेत चिमट्याचे दात गंजतात, म्हणून मित्राला म्हटलं, मीटर लावून बघ.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. दात चकचकीत होते. चिमटा लावला होता तो पाइप मात्र ऑइलपेंटने रंगवलेला होता.