अध्ययन : अभिसंधानापलीकडचे

अनुभवामुळे वर्तनात किंवा ज्ञानात होणारा, बऱ्यापैकी टिकणारा बदल म्हणजे अध्ययन. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा मुख्यत्वे अभिसंधानाने, म्हणजे एखादी खूण किंवा कृती आणि तिच्यामागून येणारा परिणाम यांची सांगड बसण्याने, केला : कळ दाबल्यावर दाणा मिळाला, की उंदीर ती वारंवार दाबतो. त्याच्या डोक्यात काय चालते आणि तो उंदीर आहे की कबूतर, हे त्यांच्या लेखी गौण होते. हा हिशेब पुढे उंदरांनीच चुकीचा ठरवला.

१९३० साली एडवर्ड टोलमन आणि हॉन्झिक यांनी उंदरांचे तीन गट एका भुलभुलैयात सोडले. पहिल्या गटाला शेवटच्या कप्प्यात रोज अन्न मिळे, दुसऱ्याला कधीच नाही, तिसऱ्याला अकराव्या दिवसापासून. तिसऱ्या गटातले उंदीर दहा दिवस नुसते भटकत राहिले; अन्न दिसल्यावर मात्र एक-दोन दिवसांत पहिल्या गटाच्या तोडीने धावू लागले. म्हणजे वाटा त्यांना आधीच ठाऊक झाल्या होत्या, त्या वापरण्याचे कारण तेवढे नव्हते. टोलमन यांनी याला सुप्त अध्ययन म्हटले. शिकणे आणि शिकलेले करून दाखवणे यांत त्यांनी केलेला हा भेद या विषयातला सर्वांत टिकाऊ म्हणावा लागेल.

दुसरा धक्का शरीराच्या बाजूने बसला. जॉन गार्सिया आणि कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांना पाणी पिताना चव, उजेड आणि आवाज एकदमच दिले. त्यानंतर ज्यांना आजारी पाडले, त्यांनी पुढे ती चव टाळली. ज्यांना विजेचा झटका दिला, त्यांनी उजेड-आवाजाचे पाणी टाळले. कोणत्याही खुणेची कोणत्याही परिणामाशी सारखीच सांगड बसते, हे गृहीतक येथे कोसळले. आजार बऱ्याच उशिरा आला तरी चवीची नावड बसते, हेही दिसले. प्रस्थापितांना हे पचेना. गार्सिया यांचे लेख प्रमुख नियतकालिकांकडून परत आले. वास्तविक याचा अनुभव घरोघरी असतो. पंगतीत बासुंदी खाऊन रात्री घाटात बस लागली, तर दोष वळणांचा असला तरी पुढे नकोशी होते ती बासुंदीच. प्रत्येक जातीची ठेवण मात्र वेगळी : नजरेने अन्न निवडणाऱ्या लावा पक्ष्यांत आजाराची सांगड पाण्याच्या रंगाशीही पक्की बसते.

स्वतः काही न भोगता, दुसऱ्याकडे पाहूनही शिकता येते. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीतील ७२ मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला बोबो नावाच्या फुगीर बाहुल्याला बदडताना पाहिलेल्या मुलांनी तसेच केले, तेच शब्दही उच्चारले. (असा बाहुला मुळी ठोसे मारण्यासाठीच असतो, हा आक्षेप गैरलागू नाही.) १९६५ चा पुढचा प्रयोग अधिक बोलका आहे. बदडणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. पण पाहिलेले करून दाखवल्यास बक्षीस मिळेल म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकेच करून दाखवले. टोलमनच्या उंदरांचीच ही गोष्ट.

विचार, शरीर आणि निरीक्षण या तिन्ही धाग्यांची गाठ सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांच्या माकडांवरील प्रयोगांत दिसते. प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांना साप ठाऊक नसतो, म्हणून त्याचे भयही नसते. दुसरे माकड सापाला घाबरताना पाहिले, की हे भय लगेच जडते. संशोधकांनी चित्रफितीत फेरफार करून तेच घाबरलेले माकड फुलांसमोर दाखवले, तेव्हा मात्र पाहणाऱ्या माकडांना फुलांची भीती बसली नाही.